धनगरवाड्यातला हिरडा स्वतःच्या परवान्यावर बाजारात कसा न्यावा

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सह्याद्रीच्या कडेने जंगलात वसलेल्या वाड्यांना सरकारी मदत मिळवायची असते तेव्हा पहिला घोळ योजना निवडण्यातच होतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीसाठी काढलेलं माहितीपत्रक कुणाच्या तरी हाती लागतं, त्यावरून अर्ज भरले जातात आणि काही महिन्यांनी 'अपात्र' असा शेरा येतो. कारण साधं आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा कोणताही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत नाही, म्हणून त्या क्षेत्रांतल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक टक्काही भरली नाही. डोंगरातल्या वाड्यांमध्ये गवळी धनगर मोठ्या संख्येने आहेत आणि धनगर समाज राज्याच्या यादीत भटक्या जमाती (क) मध्ये मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. वनोपजावर प्रक्रिया करून विकण्यासाठीची वन धन केंद्रासारखी योजना २० जणांचा एक गट, असे १५ गट आणि त्यात आदिवासी सभासदांचं बहुमत, या हिशेबाने आखलेली आहे. इथल्या चार वाड्या एकत्र केल्या तरी ती अट पुरी होत नाही.

इथे उपयोगी पडतो तो वनहक्क कायदा, २००६. हिरडा स्वतःच्या परवान्यावर विकायचा हक्कही त्यातूनच मिळतो. त्याच्या नावातच अनुसूचित जमातींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत. तो पाचव्या अनुसूचीपुरता नाही, राखीव जंगलाला लागू आहे आणि राधानगरीसारख्या अभयारण्यालाही. दावा करायला शेवटची तारीख नाही, त्यामुळे 'मुदत संपली' असं कुणी सांगितलं तर तसं लेखी मागा. याच कायद्याच्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की हक्क मान्य झालेल्यांपर्यंत जमीन सुधारणा, मूलभूत सोयी आणि उपजीविकेच्या सर्व सरकारी योजना सरकारने पोचवायच्या. म्हणून आधी हक्क, मग योजना. हा क्रम उलटा केला की हात हलवत परत यावं लागतं.

वाडीत अनुसूचित जमातीची कुटुंबं असतील तर त्यांनी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्राचं काम वेगळं चालू ठेवावं. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या कर्जाला जातीचा दाखला लागतो.

दावा कोणता करायचा

फॉर्म तीन आहेत. 'अ' वैयक्तिक: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली किंवा घराखालची वनजमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, पट्टा नवराबायकोच्या जोडनावाने. 'ब' सामूहिक हक्कांचा: गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातला बाकीचा माल), चराई, पाणी, मासे. 'क' सामूहिक वनसंपत्तीचा: पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा आणि त्याची व्यवस्था लावायचा हक्क.

बहुतेक वाड्या फक्त 'अ' भरतात, कारण प्रत्येकाला आपल्या परड्याची काळजी असते. पण हिरडा, शिकेकाई, मध, बांबू विकून जो पैसा येतो तो 'ब' आणि 'क'वर येतो. 'अ'च्या दाव्यांत भाऊबंदकीचे वाद निघतात आणि मोजणीवर अडतं, 'ब' आणि 'क'मध्ये सगळी वाडी एका बाजूला असते. 'ब' आणि 'क' दोन्ही एकाच ग्रामसभेत मंजूर करून एकाच दिवशी दाखल करा. 'क' शिवाय नुसता 'ब' मिळाला तर माल गोळा करता येतो, पण जंगलाचा आराखडा दुसऱ्याच्या हातात राहतो.

ग्रामसभा वाडीची, महसुली गावाची नव्हे

धनगरवाडा मूळ गावापासून दोन-तीन तासांच्या चालीवर असतो आणि गावच्या ग्रामसभेत वाडीची माणसं मूठभर. तिथे ठराव घ्यायला गेलात तर गणपूर्तीतच अडकाल. कायद्याच्या व्याख्येत जुन्या वस्त्या आणि न मोजलेली गावंही 'गाव' म्हणून येतात. २०१२ च्या सुधारित नियमांतला २ अ हा नियम ग्रामपंचायतीला अशा वाड्या-वस्त्यांची यादी करायला सांगतो. म्हणून पहिला अर्ज ग्रामपंचायतीला: 'आमची वाडी या यादीत घ्यावी आणि वनहक्कासाठी स्वतंत्र ग्रामसभा बोलवावी.' पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

त्या सभेत १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची. अनुसूचित जमातीची कुटुंबं असतील तर दोन-तृतीयांश सदस्य त्यांतले. कुठल्याही वाडीत किमान एक-तृतीयांश महिला. अध्यक्ष आणि सचिव निवडून प्रांत कार्यालयाला कळवायचं. समितीत बसलेल्या माणसाचा स्वतःचा दावा असेल तर त्याने तसं सांगून त्या पडताळणीतून बाजूला राहायचं. हे न केल्याने आलेल्या हरकती नंतर फार त्रास देतात.

ठरावाच्या सभेला वाडीच्या निम्म्या प्रौढांची हजेरी लागते, हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला, आणि दाव्यांवर निर्णय असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. तरणी पोरं कोल्हापूर, पुणे, मुंबईला कामाला गेलेली असतात, त्यामुळे ही सभा दिवाळीत किंवा वाडीच्या जत्रेला ठेवा. मे महिन्यातल्या लग्नाच्या तारखांना ठेवलेली सभा हमखास मोडते. हजेरीच्या वहीत महिलांच्या सह्या वेगळ्या पानावर घेतल्या की मोजणी वादात सापडत नाही.

७५ वर्षांचा पुरावा

अनुसूचित जमातीला ही अट नाही. इतर पारंपरिक वननिवासींना दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्यांचं मुख्य वास्तव्य इथे होतं आणि पोट जंगलावर होतं. हिशेब येतो १९३० च्या अखेरीपर्यंत. इथेच सगळ्यात जास्त दावे पडतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या समजामुळे. ७५ वर्षं त्याच तुकड्यावर ताबा दाखवायचा नसतो, वास्तव्य आणि अवलंबन दाखवायचं असतं. घर जंगलाच्या हद्दीबाहेर आहे म्हणून दावा जात नाही.

नियम १३ मधल्या पुराव्यांपैकी एकाहून जास्त द्यावे लागतात, म्हणजे कमीत कमी दोन. कोणताही एकच कागद 'पाहिजेच' असा आग्रह समित्यांना धरता येत नाही. उपग्रहाचं छायाचित्र जोड-पुरावा आहे. ते बाकीच्या पुराव्याची जागा घेत नाही.

विदर्भातल्या मार्गदर्शिकांत निस्तार पत्रकाचा, म्हणजे गावाच्या जळण-चराईच्या हक्कांच्या जुन्या नोंदीचा, उल्लेख सतत येतो. ते इथे शोधत बसू नका, ती मध्य प्रांताची पद्धत. कोल्हापूर हे संस्थान होतं आणि १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणून १९३० च्या आसपासचा कागद संस्थानच्या किंवा विशाळगड, बावडा यांसारख्या जहागिरीच्या दप्तरात सापडण्याची शक्यता जास्त. शोधायची ठिकाणं अशी: कोल्हापूरचं पुरालेखागार, तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष (कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार), भूमी अभिलेख कार्यालय, आणि जवळच्या जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, त्याची सही घ्या आणि मूळ पानाची नक्कल सोबत जोडा. नुसतं लिप्यंतर दिलं तर ते बाजूला काढलं जातं.

घरातला पुरावाही कमी नसतो. वन खात्याला भरलेल्या चराई फीच्या पावत्या, अतिक्रमणाच्या किंवा दंडाच्या पावत्या या सगळ्या कामाच्या आहेत. दंडाची पावती लोक लाजून लपवतात. खरं तर 'हा माणूस त्या साली इथे होता' हे खुद्द वन खात्याने लिहून दिलेलं असतं, तेव्हा ती आधी काढा.

कागद नसेल तिथे वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, पण जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. म्हणून शेजारच्या वाडीतले किंवा मूळ गावातले म्हातारे गाठा. 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे आहोत' अशा वाक्याला काही किंमत राहत नाही. जबाब घटनांना बांधून घ्या: संस्थान विलीन झालं तेव्हा या वाडीत किती घरं होती, राधानगरी धरणाचं काम चालू असताना दूध-लोणी कुठल्या वाटेने खाली जायचं, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात कुणाच्या घराची भिंत पडली. सोबत वंशावळ जोडा, प्रत्येक नावासमोर अंदाजे जन्मसाल आणि जिथे पुरलं किंवा जाळलं ती जागा. जुन्या घरांची जोती, दगडी गोठे, पाण्याचे झरे, देवराई, समाध्या यांचे फोटो काढताना शेजारी माणूस उभा करा आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहा.

शिवफेरी आणि पडताळणी

'क' फॉर्मसाठी पारंपरिक हद्द चालून नक्की करावी लागते. मतदार यादी, वन खात्याचे आणि महसुली नकाशे पुरवणं हे प्रांतांच्या उपविभागीय समितीचं काम आहे. फॉर्मही तिनेच फुकट द्यायचे आहेत. नकाशा आल्यावर तीन म्हातारे, दोन गुराखी, जळणाला जाणाऱ्या दोन बाया आणि मोबाइलवर जीपीएस चालवणारा एक मुलगा असा चमू करा. गुराख्यांना आणि बायांना जंगलाची जेवढी खडान्‌खडा माहिती असते तेवढी समितीच्या अध्यक्षाला नसते. प्रत्येक वळणावर ठळक खूण नोंदवा: ओढा, सडा, खिंड, मोठं झाड. शेजारच्या वाडीची हद्द लागते तिथे त्यांची समिती बोलवून संयुक्त पंचनामा करा. दोन ग्रामसभांची हद्द एकमेकींवर चढली की प्रकरण प्रांताकडे जातं आणि वर्ष निघून जातं. चराईचं रान सामाईक असेल तर तसंच सामाईक लिहा, वाटण्या करू नका.

पडताळणीच्या तारखेची लेखी सूचना वन आणि महसूल दोन्ही खात्यांना द्यायची. त्यांच्या लोकांनी हजर राहून नाव, हुद्दा, तारखेसह सही आणि शेरा द्यायचा असतो. आले नाहीत तर पोच जपून ठेवा. गैरहजेरीचं कारण पुढे करून त्यांनी नंतर हरकत घेतली तर प्रकरण फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतं, आणि तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. पावसाळ्यात तारीख ठेवू नका. गगनबावडा-राधानगरीच्या पावसात कुणी येणार नाही आणि न येण्याचं कारणही रास्त ठरेल.

पुढचा रस्ता प्रांतांच्या अध्यक्षतेखालची उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे अपील, दोन्ही वेळी ६० दिवसांत. नकार तोंडी आला तर तो नकार नव्हे. कारणांसह लेखी मागा, त्याशिवाय अपिलाला धड तारीखही मिळत नाही. दाखल करताना प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि एक पूर्ण संच वाडीत ठेवा. संचिका गहाळ होणं ही दुर्मीळ घटना नव्हे.

हक्कपत्र हाती पडल्यावर वाचून घ्या. क्षेत्र, गट किंवा कक्ष क्रमांक, चतुःसीमा आणि वनोपजांची नावं तपासा. 'शासनाच्या अटींना अधीन राहून' किंवा 'फक्त घरगुती वापरासाठी' असं काही घुसवलेलं असेल तर सहीआधीच हरकत लिहा. विक्रीचा हक्क कायद्यात आहे, पत्रकात तो कापता येत नाही.

परवाना पुस्तक

जंगलाची व्यवस्था पाहायला ग्रामसभा नियम ४ (१) (ङ) खाली जी समिती नेमते ती म्हणजेच सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती. विक्रीआधी हे तयार हवं: तिचा ठराव, पॅन, आणि बँकेत तीन सह्यांचं खातं, त्यातली एक सही महिलेची. खातं गावच्या सोसायटीत न उघडता राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत उघडा, पुढे ऑनलाइन पैसे घेताना फरक पडतो.

गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ही समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेला माणूस देतो. त्यावर कसलंही रॉयल्टी किंवा शुल्क नाही. क्रमांक छापलेलं तिहेरी प्रतीचं पुस्तक छापून घ्या: एक प्रत गाडीबरोबर, एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला माहितीसाठी, एक स्थळप्रत. रकाने: परवाना क्रमांक, तारीख-वेळ, मालाचं नाव, पोती, निव्वळ वजन, गाडी क्रमांक, चालक, कुठून-कुठे, वैधता. खाली हक्कपत्राचा क्रमांक आणि नियमाचा दाखला. पहिल्या फेरीला गाडी अडते ती बहुधा नाक्यावर, कारण तिथल्या माणसाने असा परवाना पाहिलेला नसतो. हंगामाच्या आधी ठराव, सह्यांचे नमुने आणि शिक्क्याचा ठसा वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि वाटेतल्या नाक्यांवर देऊन ठेवला की ही कटकट टळते. गाडीत हक्कपत्राची साक्षांकित प्रत ठेवाच. परवान्यात खाडाखोड नको. चुकला तर रद्द करून पुस्तकातच चिकटवा.

हिरडा

हिरड्याला कोल्हापुरात घरचं गिऱ्हाईक आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं वनस्पतीजन्य पद्धतीने कमावतात, बाभळीची साल आणि हिरडा वापरून. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. म्हणजे कमावणारे बेळगाव-बागलकोटपर्यंत पसरलेले आहेत. तरीही वाडीचा हिरडा दोन-तीन हात फिरून तिथे पोचतो.

बाळहिरडा म्हणजे कोवळा, आत बी न धरलेला, औषधाचा माल. रंगारी किंवा चांभारी हिरडा मध्यम पिकलेला, कमावणीचा. सुरवारी हिरडा पूर्ण पिकलेला, मोठा. तिन्ही एकत्र केले की सगळ्याला सर्वात खालचा भाव लागतो. झाडाखालीच वेगळे करा, घरी आणून निवडायला दुप्पट वेळ जातो.

वाळवण ताडपत्रीवर किंवा चटईवर, एका थराने. जमिनीवर टाकलेल्या हिरड्याला माती चिकटते, खालून ओल लागते आणि तो काळा पडतो. रात्री दव पडतं तिथे संध्याकाळी झाकायचं, सकाळी उघडायचं. रोज एकदा हात फिरवायचा. तयार मालाची खूण: दोन हिरडे एकमेकांवर आपटले की दगडासारखा कोरडा आवाज येतो आणि नख रुतत नाही. रुतला तर पोत्यात भरू नका. वरून कोरडा दिसणारा पण आत ओला राहिलेला माल पंधरवड्यात बुरशी धरतो आणि एक पोतं शेजारची चार खराब करतं. भरलेली पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

ओल्याचं सुकं किती उरतं हा आकडा दुसऱ्याचा धरू नका. १० किलो ओला माल वेगळा वाळवून तोला आणि वहीत लिहा. भाव ठरवताना हाच आकडा हातात लागतो.

तोलाचं म्हणाल तर खरी गळती तिथेच आहे. व्यापारी वाडीत येऊन तोलतो तेव्हा बारदानाच्या नावाखाली, ओलीच्या नावाखाली, 'घट' म्हणून कडता कापतो. पोत्यामागे २ किलो कडता म्हणजे ४० पोत्यांमागे ८० किलो, दीड पोत्याहून जास्त. उपाय: समितीचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा, वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असलेला, रिकाम्या बारदानाचं वजन आधी करून लिहिलेलं. ओलीसाठी कडता द्यायचाच असेल तर सौद्याआधी टक्क्यात ठरवा, तोलताना नव्हे.

दुसरी गळती उचलीची. श्रावणात घेतलेल्या हजार-दोन हजारांच्या उचलीपायी माघात सगळा माल त्याच माणसाला त्याच्याच भावाने जातो. समितीकडे खेळतं भांडवल असेल तर ती गोळा करणाऱ्याला निम्मी रक्कम तोलाच्या दिवशी देऊ शकते, उरलेली विक्रीनंतर थेट खात्यात. हे भांडवल उभं करायला 'उमेद'चे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) महिला बचत गट बरे पडतात. त्यांना जातीची अट नाही, डोंगरी वस्तीत पाच जणींचाही गट होतो, आणि नियमित बैठक-बचत-हिशेब असेल तर फिरता निधी आणि पुढे बँक कर्ज मिळतं. केंद्राची गौण वनोपज हमीभाव योजनाही आहे, पण तिची खरेदी केंद्रं मुख्यतः आदिवासी उपयोजना क्षेत्रात आहेत. इथे तिचा भाव घासाघिशीत तळाचा आकडा म्हणून वापरा.

झाड तोडून किंवा फांद्या छाटून हिरडा काढणाऱ्याला ग्रामसभेने दंड लावावा आणि तो वहीत दिसावा. चौथाई फळ झाडाखाली सोडा, गव्या-भेकरांचाही वाटा आहे आणि रोपंही त्यातूनच येतात. व्यवस्थापन आराखड्यात हा नियम लिहिलेला असला की वन खात्याशी बोलणं सोपं जातं.

मध आणि बाकीचं

भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून विकसित झालंय, त्यामुळे सातेरी मधमाशीच्या पेट्या पाहायला लांब जायला नको. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान, ५० टक्के स्वगुंतवणूक, प्रशिक्षण आणि मधाची खरेदी आहे. आग्या मोहोळ जाळून काढलेला मध धुराचा वास धरतो आणि अळ्यांच्या रसाने आंबतो; रात्री चढून फक्त मधाचा भाग कापा, पिलावा (अळ्यांचा भाग) सोडा. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की अन्न सुरक्षेच्या निकषात बसत नाही, म्हणून मेणाने तोंड न मिटलेले कप्पे काढू नका. बाटलीत भरून विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या.

करवंद, जांभूळ, कोकम यांच्या प्रक्रियेला छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे, पण ते बँक कर्जाला जोडलेलं. योजना मुदतीची असल्याने यंदा चालू आहे का, हे जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारा. यंत्र घेण्याआधी वीज तपासा. पुष्कळ धनगरवाड्यांत सिंगल फेज आहे आणि गर काढायचं यंत्र थ्री फेजचं, तेव्हा यंत्र खालच्या गावात गटाच्या नावाने भाड्याच्या खोलीत बसवणं परवडतं.

वाडीपर्यंत रस्ता नसेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३ (२) वाचा. रस्ता, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, अंगणवाडी, विजेच्या तारा अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ झाडांपर्यंत, वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर वळवता येते. हा प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे जातो आणि त्यासाठी दावा मंजूर होईपर्यंत थांबावं लागत नाही, म्हणून दाव्याचा ठराव घेता त्याच सभेत याचाही घ्या.